शब्दाला पत्ता नसतो

मंडळी, ऐका! आज हात जोडून एक प्रश्न विचारतो, मग गोष्ट सांगतो.

व्यासपीठावर एक माणूस उभा आहे. तो शिवी देतो. देणाऱ्याचं तोंड विटाळलं, हे शेंबडं पोरही सांगेल! पण खाली गर्दीत एक जण बसलाय. तो शिवी देत नाही, शिवी खात नाही. तो नुसती वाट बघतोय — "आता देतोय का? आता?" देव पाण्यात घालून बसलाय, की देवा, ह्याच्या तोंडून वाईट शब्द निघू दे! आता सांगा, पाप कोणाच्या पदरात?

काय? कोपऱ्यातले आजोबा म्हणतात, देणाऱ्याच्या. बरं! आजोबा, शेवटी परत विचारणार आहे, जागे राहा म्हणजे झालं!

अरे — बघा, माईकनं शिट्टी घातली! दचकू नका. हे मशीन मी गावोगाव बरोबर घेऊन फिरतो, आणि गावोगावचे लोक मला सांगतात, "महाराज, तेवढं नवं मशीन घ्या की!" घेत नाही. का घेत नाही, तेच आजचं आख्यान आहे.

तर शेलगाव नावाचं गाव. तिथं दिगंबर नावाचा माईकवाला. लग्न असो, बारसं असो, सभा असो — कर्णे बांधायचे, तारा ओढायच्या, मशीनपाशी बसायचं. बायको कौसल्या. गुणी जोडपं! संसारात एकच गोष्ट नव्हती. मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. शेवटी दोघांनी एकमेकांना सांगितलं, "आपण दोघं आहोत ना? बास!"

पण जग बास म्हणतं का? एकदा घरात डोहाळजेवण होतं. कौसल्या ओटी भरायला पुढं झाली, तर मोठ्या जावेनं तिचा हात धरला आणि चारचौघींत एक शब्द बोलली. कोणता? मूल न झालेल्या बाईला लोक म्हणतात, तो. दिगंबर जेवत होता. भरल्या ताटावरून उठला, बायकोला घेऊन त्याच पावली घराबाहेर पडला. भाड्याच्या खोलीत राहिला, पण त्या उंबऱ्यावर परत गेला नाही! असा माणूस, मंडळी. लक्षात ठेवा हे.

आता त्या तालुक्यात एक पुढारी होते, सर्जेरावभाऊ. काम बेताचं, पण तोंड! अहाहा! समोरच्याला नावं ठेवावीत तर भाऊंनी. कोणाला भोपळा, कोणाला दिवाळं निघालेला नवरदेव! लोक भाषणाला जायचेच त्यासाठी. आणि मग काय निघालं? मोबाईलवर बाजार निघाला! आज भाऊ कोणती शिवी देणार, ह्याच्यावर पैसे लावायचे. 'भोपळा' म्हणणार — त्याला भाव कमी, कारण तो ठरलेलाच. कधी न वापरलेला शब्द असेल, तर भाव मोठा. पूर्वी लोक ज्वारीचा भाव विचारायचे हो. आता पारावर विचारतात, "भोपळ्याचा काय चाललाय?" आणि दुसरा म्हणतो, "पडलाय!" भाजीवाल्या बाईला वाटायचं, आपल्याबद्दलच बोलतायत!

दिगंबर ह्यात शिरला कसा? धंद्यातूनच. भाऊंची एक लकब होती. शिवी यायच्या आधी ते खांद्यावरचं उपरणं झटकायचे. उपरणं झटकलं की पुढचा शब्द फुटणार! मग दिगंबरला मशीनचा आवाज आधीच खाली घ्यावा लागायचा, नाहीतर कर्णा फाटायचा. त्यामुळं भाऊंच्या तोंडचा स्वभाव त्याला पाठ झालेला. आधी गमतीत लावले. जिंकला! परत लावले. परत जिंकला! चटक, मंडळी. चटक कशाला म्हणतात? आधी आपण तिला चाखतो, मग ती आपल्याला.

निवडणूक आली. भाऊंच्या विरोधात उभ्या यमुनाताई. साधी बाई. प्रत्येक कोपरासभेत एकच विचारायच्या — "भाऊ, पाण्याची टाकी बांधली, तिच्यात पाणी कधी?" ह्या यमुनाताईंनाही मूल नव्हतं.

कळलं ना बाजारात कोणता शब्द आला ते? सगळ्यात मोठा भाव त्या शब्दाला! कारण भाऊ कितीही तोंडाळ, तरी तो शब्द त्यांनी आजवर उच्चारला नव्हता.

सभेच्या दुपारी दिगंबर व्यासपीठाखाली तारा जोडतोय. वर भाऊ आणि त्यांचा चेला.

चेला म्हणतो, "भाऊ, आज तो शब्द टाकाच."

भाऊ म्हणाले, "अरे, बाईमाणूस आहे ती. बरं दिसतं का?"

"लोक थांबलेत, भाऊ! मोबाईलवर नुसती आग लागलीय. नाही म्हणालात तर नाराज होतील."

भाऊ हळूच म्हणाले, "लोकांना पाहिजे म्हणतोस? ...बघू."

ऐकलंत? त्या माणसाच्या जिभेवर तो शब्द नव्हता हो! लोकांनी तो तिथं नेऊन ठेवला. वाट बघून बघून ठेवला! आणि खाली बसलेल्या दिगंबरनं काय केलं? मोबाईल काढला, आणि नव्या मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे त्या एका शब्दावर लावले. कोणी? भरल्या ताटावरून उठलेल्यानं!

संध्याकाळी मैदान भरलं. कौसल्या नवऱ्याचा डबा घेऊन मशीनपाशी आली. फोन तिथंच उघडा पडलेला. ती डबा ठेवायला वाकली आणि तिला तो शब्द दिसला. शेजारी भाव. खाली नवऱ्याचं नाव.

"अहो," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"अगं, ते... गंमत असते. भाऊ बोलतात का बघायचं."

"आणि बोलले तर?"

"तर नवं मशीन, कौसे! आणि ते काय तुला म्हणणारेत का? यमुनाताईंना म्हणणार."

कौसल्या ओरडली नाही. तिनं डब्याचं झाकण नीट लावलं आणि म्हणाली, "शब्दाला पत्ता नसतो. ज्या बाईच्या कानावर पडतो, तिच्याच घरी येतो. एवढे कर्णे बांधलेत तुम्ही. मी कुठं जाऊन उभी राहू, तेवढं सांगा."

तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत?

तेवढ्यात भाऊ उभे राहिले. भाषण रंगलं. भोपळा झाला, नवरदेव झाला, लोक हसले. मग भाऊ थांबले. सगळं मैदान पुढं झुकलं. जो तो हातातल्या मोबाईलकडे बघतोय. आणि भाऊंनी उपरणं झटकलं!

मंडळी — आता म्हणतील! आता तो शब्द —

पकडलं! तुम्हीसुद्धा वाट बघताय ना, महाराज तो शब्द म्हणतात का? पुढं सरकलात बघा सगळे! आजोबा तर पार सतरंजीच्या कडेला आलेत! नाही म्हणणार. मी नाही म्हणणार, कारण त्या रात्री तो शब्द कोणाच्याच कानावर गेला नाही. उपरणं हललं तसा दिगंबरचा हात सवयीनं मशीनवर गेला. रोज आवाज थोडा खाली घ्यायचा. आज त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि पार तळाला नेला!

भाऊंचे ओठ हलले. कर्णे मुके!

काय गोंधळ झाला म्हणता! "म्हणाले का हो?" "म्हणाले!" "कुठं, जांभई दिली!" "माझे पैसे!" बाजाराचा नियम होता, शब्द ऐकू आला पाहिजे. त्या शब्दावर लावलेल्या सगळ्यांचे बुडाले. दिगंबरचे सगळ्यांच्या आधी!

चेला धावला, "माईक का बंद पडला रे?"

दिगंबर उभा राहिला. "माईक चांगला आहे, साहेब. शब्द खराब होता!"

कोणीतरी बाई मागून म्हणाली, "खरं बोललं लेकरू!" भाऊ मशीनकडे बघत राहिले. तिथं डब्यावर हात ठेवून कौसल्या उभी होती. त्यांनी हातानंच खूण केली — लाव. दिगंबरनं आवाज चढवला, आणि कर्ण्यांतून सगळ्या शेलगावाला ऐकू आलं. भाऊ स्वतःशीच पुटपुटत होते, "बरं झालं बंद पडला."

मग घसा साफ केला आणि म्हणाले, "यमुनाताईंनी टाकीचं विचारलंय. मोटर बसलेली नाही. चूक आमची. बसवतो." एवढंच! आणि खाली बसले.

गंमत बघा — भाऊ उत्तर देतील, ह्याच्यावर बाजारात एकानंही एक रुपया लावला नव्हता!

निवडणूक कोण जिंकलं, ते नाही सांगणार. इथं दोन्हीकडचे बसलेत, मला जेवून जायचंय! भाऊ साधुसंत झाले असंही नाही. पुढच्या सभेत भोपळा परत निघाला. पण तो शब्द? तो कधीच नाही. आणि टाकीत पाणी आलं.

दिगंबरचं सभांचं काम गेलं. नवं मशीन गेलं. घरी जाताना तो म्हणाला, "कौसे, ह्या जुन्याला शिट्टी येते गं." ती म्हणाली, "येऊ दे शिट्टी. शिवी तर येत नाही!"

— बघा, आत्ताही वाजली! कळलं का आता, मशीन का बदलत नाही ते? खांबापाशी खाली मान घालून बसलाय, तोच तो दिगंबर. आता माझ्याबरोबर फिरतो, मशीन त्याचंच. शेजारी कौसल्यावहिनी. मी वहिनींना विचारूनच सांगतो हे. त्या म्हणाल्या, "सांगा महाराज, फक्त तो शब्द सोडून सांगा."

माझंच एक जुळवलेलं आहे, हसू नका —

जिभेभोवती दातांचा पहारा, वरून ओठांची कडी।
कानाला नाही दार म्हणूनी मनाचा ठेवा गडी॥

आजोबा, आता सांगा, पाप कोणाचं? ...हसतायत! नुसते हसतायत! अहो, वाट बघण्यात फार ताकद आहे. वाईटाची बघाल तर चांगल्याच्या तोंडूनही वाईट निघेल. मग चांगल्याची बघा की! सुनेकडे बघताना, भावकीकडे बघताना, उद्या सभेत बसाल तेव्हा — हा माणूस आता बरं बोलणार, असं धरून बसा. एखाद्या वेळी हराल. पण हरून काय जाणार?

आता शेवटी देवाचं नाव घ्यायचंय, आणि ते मी तुमच्या तोंडून ऐकणार आहे. मशीनमधून नाही. दिगंबर, बाबा, ने आवाज तळाला. हां.

बोला मंडळी — मी वाट बघतोय!