तिसरी कवळी

प्रकाशचंद : कापड बदललं तर अंगावर फरक दिसायला पाहिजे, डॉक्टरबाई. चाळीस वर्षं दुकान केलंय मी. तुम्ही म्हणालात, ही तिसरी कवळी धातूची, एकदम तलम. माल बदलला, पण हिचं बोलणं तेच. उलट जास्तच जड झालंय. मग चूक कुणाची?

रोहिणी : भाऊ, अक्कांना बोलू द्या. अक्का, तीन आठवडे झाले ही बसवून. कुठे टोचते?

प्रेमकुंवर : टोचत नाही.

(प्रेमकुंवरबाईंचं बोलणं जड आणि ओलं येतं. इथे ते, आकडे सोडून, समोरच्याला समजलं तसं लिहिलं आहे.)

प्रकाशचंद : टोचत नाही, हलत नाही. फक्त बोलता येत नाही. आणि पर्युषण बावीस दिवसांवर आलंय. शेवटच्या दिवशी पिंप्राळ्याच्या जैन स्थानकात बायकांचं संवत्सरीचं प्रतिक्रमण, अख्खा क्षमेचा पाठ, एकतीस वर्षं ही म्हणते, पोथी न बघता. दीडशे बायका हिच्या मागे म्हणतात. तिथं अक्षर चुकलं तर दोष लागतो, बाई.

रोहिणी : माहीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी त्यांच्याच मागे बसतात.

प्रकाशचंद : मग पहिलीच अशी पातळ का नाही केली? तुमचे वडील साक्रीचे, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्या विश्वासावर आलो आम्ही.

रोहिणी : पहिली प्लास्टिकची होती. बहुतेकांना तीच चालते. 'स' म्हणताना जीभ वरच्या दातांमागे जाते आणि बारीक फट ठेवते. त्या फटीतून हवा निघते. तिथे दोन मिलिमीटर प्लास्टिक आलं की जिभेचा अंदाज चुकतो. पंधरा-वीस दिवसांत ती शिकते. अक्कांची शिकली नाही, म्हणून मी वाकणारी, मऊ कवळी केली.

प्रकाशचंद : ती तर अजून वाईट निघाली.

रोहिणी : तीही जाडच असते, आणि बोलताना हलत होती. मग ही धातूची. अर्धा मिलिमीटर. याहून पातळ नसतं.

प्रकाशचंद : मुंबईला असेल.

रोहिणी : मुंबईलाही हीच करतात. अक्का, साठपासून पुढे आकडे म्हणा बरं.

प्रेमकुंवर : थाठ. एकथट्ट. बाथट्ट. तेथट्ट.

रोहिणी : आता कवळी काढून ह्या वाटीत ठेवा, आणि परत म्हणा.

प्रकाशचंद : काढून कशाला? तसं स्थानकात म्हणायचं का तिनं?

रोहिणी : म्हणा, अक्का.

प्रेमकुंवर : थाठ. एकथट्ट. बाथट्ट.

रोहिणी : पुरे.

प्रकाशचंद : पुढचे सहा दात नाहीत तोंडात. असंच येणार.

रोहिणी : दात आपण जानेवारीत काढले. फेब्रुवारीत अक्का मापाला आल्या, तेव्हाही मी हेच आकडे म्हणवून घेतले होते. रेकॉर्ड करून ठेवते मी. ऐका.

मोबाइलमधला आवाज : साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट. अजून म्हणू का गं?

प्रकाशचंद : हे तर स्वच्छ आहे.

रोहिणी : तेव्हाही हे सहा दात नव्हते, भाऊ. कवळीही नव्हती.

प्रकाशचंद : म्हणजे तुमच्या कवळ्यांनीच बिघडवलं. मी दुसरं काय म्हणतोय?

रोहिणी : कवळी आत्ता वाटीत आहे. अक्का, पाणी पिताना ठसका लागतो?

प्रेमकुंवर : लागतो.

प्रकाशचंद : मला नाही कधी सांगितलंस.

प्रेमकुंवर : रोज लागतो. तुम्ही दुकानात असता.

रोहिणी : सकाळी उशी ओली असते?

प्रेमकुंवर : होळीपासून.

रोहिणी : तोंड उघडा. जीभ बाहेर नको, आत सैल सोडा. अशीच राहू द्या. भाऊ, इकडे या, उजेडाच्या बाजूला. जिभेची कड बघा.

प्रकाशचंद : थरथरतेय. घाबरली असेल ती.

रोहिणी : त्या हलवत नाहीयेत. आपोआप चाललंय ते. आणि डावी बाजू बघा, बारीक झालीय. दुसऱ्या कवळीच्या वेळीच मी हे बघायला हवं होतं. मीसुद्धा मालच बदलत बसले.

प्रेमकुंवर : काय आहे हे?

रोहिणी : कवळीचं नाही, अक्का. जिभेला चालवणाऱ्या नसांचं असावं. मी दातांची डॉक्टर, माझ्या तोंडून नाव नको. नाशिकच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. उद्याच जा.

प्रकाशचंद : औषध असेल ना?

रोहिणी : आधी जाऊन या.

प्रकाशचंद : मी विचारलं, औषध असेल ना?

प्रेमकुंवर : चला. त्यांची माणसं खोळंबलीत बाहेर.

*

प्रकाशचंद : दात दाखवायला नाही आलो आज. काल संवत्सरी झाली, आज क्षमा मागायची. त्या दिवशी तुम्हाला वाकडं बोललो. बाजारातही चार जणांत तुमच्या कामाला नावं ठेवली. मिच्छामि दुक्कडं, बेटा.

रोहिणी : मीही क्षमा मागते, भाऊ. माझ्या हातून महिने वाया गेले. नाशिकचा कागद वाचला मी. तुमच्या सुनेनं पाठवला होता.

प्रकाशचंद : ते महिने मिळाले असते तरी काय झालं असतं? मुंबईलाही जाऊन आलो. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी बोलणं जातं, मग गिळणं. दोन वर्षं, फार तर तीन. एक गोळी आहे, ती थोडे महिने पुढे ढकलते. बस. बेटा, एक विचारू? तिथं एक जण म्हणाला, जीभ टाळूला पोचत नसेल तर टाळूच खाली आणायची. कवळी जाड करायची म्हणे.

रोहिणी : करतात तसं. दुबळ्या जिभेला जाड टाळूचा आधार होतो. करून देईन मी. पण जीभ तिथं थांबणार नाही, भाऊ. दोन-तीन महिने काही अक्षरं टिकतील. मग जीभ त्याच्याही खाली उतरेल.

प्रकाशचंद : दोन-तीन महिने तर दोन-तीन महिने.

प्रेमकुंवर : नको. चौथी नको.

रोहिणी : काल स्थानकात कसं झालं, अक्का?

प्रकाशचंद : रुचीनं वाचलं, आमच्या सुनेनं. पोथीतून. ही चौथ्या रांगेत बसली.

प्रेमकुंवर : दोन ठिकाणी चुकली ती. मला सांगता आलं नाही.

प्रकाशचंद : चांगलं म्हटलं तिनं.

प्रेमकुंवर : दोन ठिकाणी.

रोहिणी : बायकांनी तुम्हाला विचारलं असेल.

प्रेमकुंवर : सगळ्यांनी. मी सांगितलं, कवळी बिघडली. डॉक्टरला जमली नाही.

प्रकाशचंद : असं सांगितलंस तू? संवत्सरीच्या दिवशी?

प्रेमकुंवर : कवळी म्हटलं की हसतात आणि घरी जातात. दुसरं सांगितलं तर भेटायला येतील. एकेक करून. माझ्याकडे बघत बसतील.

रोहिणी : बरं केलंत.

प्रेमकुंवर : बरं नाही. तुझ्या नावावर खोटं बोलले. म्हणून आले. ह्यांनी नाही आणलं मला. मी ह्यांना आणलं.

रोहिणी : माझ्या मनात काही नाही, अक्का.

प्रेमकुंवर : थांब. क्षमा मागितली की ते परत करायचं नसतं. मी उद्याही तेच सांगणार आहे. मग ही कसली क्षमा?

रोहिणी : सांगा तुम्ही. कुणी मला विचारलं, तर मीही तेच सांगेन.

प्रकाशचंद : रिक्षा थांबलीय बाहेर. चल, ऊन वाढायच्या आत.

प्रेमकुंवर : रोहिणी, जवळ ये. गिळणं बंद झालं की पोटात नळी घालतात. मला ती नको. ह्यांना तू सांग, वेळ आली की. तेव्हा मला बोलता येणार नाही.

प्रकाशचंद : काय म्हणाली? शेवटचं मला नीट कळलं नाही.

रोहिणी : कवळी सैल झालीय म्हणाल्या, भाऊ.