एकटीला उचलंल अशी होडी

न्हाई न्हाई आप्पा, ती फायबरची नका दाखवू. ती उचलायला चार गडी लागत्यात, आन चार गड्यांला सांगितलं की गावभर झालं. मला एकटीला उचलंल अशी पायजे. — हां, माज्यासाठीच. कावून? बासष्ट वर्साच्या बाईनं होडी घेऊ न्हाई असं कुठं लिवलंय का? मी आल्यापासून दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, एकानं जाळं नेलं, एकानं दोर नेला, त्यांला तुमी एक सवाल न्हाई केला. — बसते, बसते. आदी पानी द्या. एसटीत हुभी ऱ्हाऊन आले मी.

जायचं लांब न्हाई. धरनाच्या पान्याच्या ह्या काठाला आमचं गाव, त्या काठाला माज्या बहिनीचं. मी केशर, थोरली. ती तारा, धाकली. बापानं मुद्दाम शेजारशेजारच्या गावात दिल्या दोघी — मधी सिंदफना नदी, उन्हाळ्यात घोट्याएवढं पानी, भाकर थापून तव्यावर टाकली की ती करपायच्या आत एकमेकीकडं जाऊन येतील, असं म्हनायचा. मग धरन झालं, पानी इथवर फुगलं, आन आता सडकंनं गेलं तर बावीस किलोमीटर, दोन गाड्या. आन दिसतंय सगळं बरं का. तिनं लुगडं वाळत घातलं तर रंग कळतोय मला इकडून. दिसतंय म्हनून तर जास्त राग येतो मानसाला.

राग कशाचा? आईचा पाटा. पाटा-वरवंटा, दगडाचा. आई गेली त्याला चार वर्सं झाली. तेराव्याला लोक जेवून हात धूत न्हाईत तोवर हिनं टेम्पोत टाकून नेला. मला इचारलं न्हाई, काही न्हाई. आन आई माज्या लग्नात म्हनली व्हती की पाटा केशरीचा. तारी म्हनती, ती झोपंत म्हनली आसंल. तिथून बोलनं बंद. फोन केला की तिची सून उचलायची, आत्याबाई झोपल्यात म्हनायची. सकाळी नऊ वाजता. तारी सकाळी नऊला झोपली तर गावात दवंडी पिटतील लोक.

मग यंदा नागपंचमीला म्या म्हनलं, बास. आता तोंडावर जाऊन बोलायचं. माजा पोरगा अंगद, त्याला म्हनलं गाडीवर सोड. तो म्हनला, आई, भांडायसाठी बावीस किलोमीटर पेट्रोल जाळू का? सण हाय, दिंडं खा आन गप बस. म्या दिंडं खाल्ली. गप न्हाई बसले. आमच्या गावात रामकिसनचं गुऱ्हाळ बंद पडलंय, त्याची गूळ आटवायची काहील हाय, लोखंडाची गोल कढईच, तीत बसून लोकं मासं धरायला जात्यात. म्या ती मागितली. रामकिसन म्हनला, काकू, मधूमध बसा आन जास्ती हातवारे करू नका. आता भांडायला निघालेल्या मानसाला असं सांगत्यात का कुनी?

तर आप्पा, काहिलीला तोंड न्हाई आन शेपूट न्हाई. वल्हं म्हनून फळी घेतल्ती, ती इकडं मारली की काहील तिकडं फिरती. तिकडं मारली की इकडं. पुढं जाती, न्हाई असं न्हाई, पन गिरक्या घेत घेत. त्या काठाला पोचायला आलं तर तारी धुनं धूत बसलेली. चार वर्सं काय काय बोलायचं ते पाठ केल्तं म्या, आन नेमकी काहील फिरायली. मी म्हनते, तारे, आईचा पाटा न्हेताना — तोवर माजं तोंड माज्या गावाकडं. तिकडं रामकिसन हुभा. त्याला म्हनते, तुला लाज — आन फिरून तारीकडं — न्हाई वाटली. अर्धं तिला, अर्धं रामकिसनला. तो बिचारा हात जोडायला तिकडं. तारीनं पिळायचं धुनं तसंच धरलेलं, नुसती बघायली. आन मला तर असं गरगरायलं, की पंचमीची दिंडं वर आली. मी कडंवर झुकले. काहील बी झुकली.

हसू नका. पानी आत आलं ना तवा मला कळलं की आपल्याला पोहता येत न्हाई.

तारीला बी येत न्हाई. आमी बारक्या असताना हिरीत पडली व्हती ती, दोरानं बाज खाली सोडून तीवर घालून काढली. तवापासून धुनं धुते ती बी दगडावर पाय वर घेऊन. ती तारी, आप्पा, लुगड्यासकट पान्यात आली. गुडघा झाला, कंबर झाली, छातीएवढं पानी झालं. हातातलं वल्लं लुगडं फेकलं माज्याकडं, एक टोक तिनं धरलं, एक म्या. मी वरडायले. तर ती म्हनली, "केशे, हात नगं हालवू. मी हाय ना."

चार वर्सांनी पैलं बोलली ती. केशे.

जरा पानी द्या आनखी. — न्हाई, काय न्हाई झालं. धूळ हाय तुमच्या दुकानात.

मग वढून काढलं मला, घरी नेलं, तिचं लुगडं नेसवलं, च्या केला. शेवटाला म्हनली, घिऊन जा तुजा पाटा. आमी दोघींनी धरून काठावर आनला, तवर तिच्या पोरानं बुडाल्याली काहील वढून काढल्ती, त्यानं तीत ठिवला. मी बसले तर पानी कडंच्या दोनच बोटं खाली. तारी म्हनली, एक तर तू जा, न्हाईतर पाटा जाईल. मग पाटा ऱ्हायला तिथंच, आन पुन्ना त्या गिरक्या कोन घेनार, म्हनून काहील बी. मी दोन गाड्या बदलून घरी आले. अंगदनं तवापासून पान्याकडं फिरकू दिलं न्हाई. आज डोळे तपासायला जाते म्हनून आलेय.

तर आता मला समजून सांगा. ट्यूब नगं, टॅक्टरची. ट्यूबवर बसलं की लुगडं गुडघ्यावर येतंय, दोन्ही गावं बगत्यात. थर्माकोल बी नगं, वारं आलं की पालथं पडतंय आन उंदरं खात्यात. ही हवेची कशी? — काठाला येडी बाभळ हाय आमच्या, सगळा काटाच काटा. — दोन कप्पे? म्हंजे एक फुटला तरी दुसरा ऱ्हातोय? हे बरंय. वल्हं उकलून ठिवता येतंय? पायाचा पंप नगं, गुडघं दुखत्यात, हाताचा द्या. — घडी घालून दाखवा बरं. हां. पिशवी द्या हिकडं. मी दारापतूर जाऊन येते.

हलकी हाय की. ही सात किलोची ना? घरी ज्वारीच्या पोत्यामागं मावती. भजनाला निघाले म्हनलं तरी खपून जाईल. आन ती दुसरी, बारा किलोची? — दोघं बसत्यात. पाटा बी जाईल तीत म्हनता, खाली गोधडी टाकली तर. हं. एकाच खेपंत?

— काय म्हनले? एका पाट्यासाठी होडी कशाला, टेम्पोनं मागवा?

टेम्पोनं पाटा येईल हो आप्पा. मग मी कावून जाईन तिकडं? घरी मिक्सर हाय माज्या. ह्या मनगटानं पाट्यावर चटनी तरी वाटनं होतंय का मला आता? पाटा आनायचा ऱ्हायलाय म्हनून तर तारी फोन करती, कदी येतीस, कदी येतीस. काल दोनदा आल्ता. पाटा आला की मग काय इचारील ती?

हे तुमाला कशाला सांगितलं म्या.

सात किलोचीच बांधा. पाटा मावत न्हाई तर न्हाई मावत, मी सांगंन तिला, दुकानदारानं बारकीच दिली म्हनून. तुमचं नाव घेतलं तर तुमाला काय व्हनार हाय? — जाकीट? ते नारंगी? द्या, द्या. एक न्हाई, दोन द्या. — होडीत मी एकटीच हाय, माहीत हाय मला. दुसरं तारीसाठी. मी जरा जरी हालले की ती पुन्ना पान्यात उतरनार, आन मला तिला काढता येनार हाय का?

माज्या तोंडाकडं बगू नका आता, बांधा. साडेतीनची गाडी हाय माजी.