ज्याचं माणूस पाण्यावर

(खाडीतलं एक बेट. ऐन हिवाळा. चर्चच्या मागच्या खोलीत टेबलावर, एकाच चादरीखाली, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांच्या आया त्यांना अंघोळ घालायला आल्या आहेत. फादर बोर्तोलो दाराशी. बाहेर दोन्ही घरचे पुरुष.)

काते : कात्री इकडे दे. तुला जमत नसेल तर मी कापते.

झानेता : कापायची नाही. गाठ तुझ्या मुलीने मारलीय.

काते : म्हणून तर हक्क माझा. ओर्सेता आमच्या वरच्या धक्क्याच्या जमिनीत जाईल, आजीच्या शेजारी. तुझ्या आंझोलोला तू खालच्या धक्क्याला, हवं तिथे ने.

झानेता : एप्रनचा बंद आहे गं. तिच्या मनगटाभोवती आणि याच्या. भिजून, गारठून आत रुतलाय. कापताना कातडी निघेल.

काते : निघू दे. आता तिला काय दुखणार आहे?

फादर : सावकाश घ्या. फक्त... बाहेर फार वेळ कोणी थांबणार नाही. झानेता, तुझा नवरा म्हणतो, दफनाचं मागाहून, आधी दोष कोणाचा ते नाव सांगा. काते, तुझा मुलगा बेपो मासे फाडायची सुरी घेऊन उभा आहे. मी त्यांना थोपवलंय. म्हटलं, आया आत आहेत, त्या काय ते ठरवतील.

काते : ठरवायचं काय त्यात? ज्याचं माणूस पाण्यावर, त्याची घंटा. होडी हिची, मुलगा हिचा. धुकं उतरलं तेव्हा हिने घंटेला हात लावला का? विचारा.

झानेता : आपल्या सासवांच्या वेळी असं नव्हतं. बेटावर एकच घंटा होती. धुकं ज्याला आधी दिसेल, तो वाजवायचा, आणि होड्या त्या आवाजावर घरी यायच्या.

काते : आणि मासळीच्या कुंपणावरून कोण भांडलं? आम्ही?

झानेता : दोघेही. तुझ्या सासऱ्याने वेगळी घंटा टांगली, मग माझ्या सासऱ्यानेही टांगली. म्हणाले, तुमच्या माणसाला तुम्ही बोलवा, आमच्याला आम्ही. तेव्हा आपण दोघी लग्न होऊन नुकत्याच आलेलो. तू हसली होतीस.

काते : विषय बदलू नकोस. घंटा का नाही वाजवलीस?

झानेता : त्याचे बूट जिन्याखाली होते.

काते : काय?

झानेता : रोज रात्री मी बूट बघते. बूट घरात म्हणजे पोरगं घरात. तो पाळण्यात होता तेव्हा श्वास चालू आहे का बघायला उठायचे, तशीच. परवा म्हणाला, आई, अंग मोडून आलंय, जेवत नाही, झोपतो. मी खाली येऊन बूट बघितले. होते. मग मी निर्धास्त बसले. ...माझी खोड त्याला ठाऊक होती गं. अनवाणी गेला तो. एवढ्या थंडीत.

फादर : त्याच्या पायांना शाल गुंडाळलेली होती.

झानेता : माहीत आहे. मीच सोडली मघाशी. हिच्या मुलीची आहे.

काते : ती शाल मी विणलेली. मावशीकडे निजायला जाते म्हणाली, तिथे गारठा असतो म्हणून मीच खांद्यावर घातली.

झानेता : मग तिच्या अंगावर काय होतं?

काते : काही नव्हतं. आपलं तेवढं पोलकं आणि परकर. फादर, होडी सापडली त्या चिखलाच्या पट्ट्यापलीकडे काय होतं यांचं? एवढ्या संध्याकाळचं कोण जातं तिथे?

फादर : मिठागराच्या बेटावरून परत येत होते.

काते : तिथे तर तुमचं ते पडकं चॅपल आहे.

फादर : हो.

झानेता : फादर?

फादर : मी त्यांचं लग्न लावलं. दुपारी. उजेड असेतो परत यायचं, ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं, आणि रविवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरलं होतं. वाटलं, देवासमोर झालेली गोष्ट कोणी मोडणार नाही. तुमच्या भांडणाला कंटाळलो होतो मी. दर वर्षी एक तरी डोकं फुटतं, टाके मी घालतो.

काते : म्हणजे दोघं बाहेर आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं. एकट्या तुम्हाला.

फादर : हो.

काते : आणि चर्चची घंटा तुमच्या डोक्यावर.

फादर : दोर हातात घेतला होता, काते. मग मनात आलं, अवेळी घंटा झाली की दोन्ही धक्के कंदील घेऊन धावणार. त्यांना एका होडीत धरणार. वल्ही आणि सुऱ्या तिथेच होत्या. म्हटलं, जरा थांबू. तेवढ्यात... मला वाटलं, आता कोणीतरी वाजवेलच. आया घरी आहेत.

झानेता : तेवढ्यात काय?

फादर : काही नाही.

झानेता : तेवढ्यात काय झालं, फादर?

फादर : धुक्यातून होडीवरचं शिंग वाजलं.

झानेता : लांब, लांब, आणि शेवटी तुटकं.

फादर : तुमच्या घरचं. खालच्या धक्क्याचं. म्हणून तर मी दोर सोडला. म्हटलं, झानेता आपल्या शिंगाला उत्तर दिल्याशिवाय राहायची नाही.

काते : तुला ऐकू आलं होतं? झानेता, इकडे बघ. तू ऐकलंस?

झानेता : तुझा बेपो आमच्या शिंगाची नक्कल करतो. गेलं वर्षभर करतोय. संध्याकाळी धक्क्यावर बसून, हुबेहूब, शेवटच्या तुटक्यासकट. पोरं खिदळतात. मी दोनदा धावत बाहेर आले होते, घंटा वाजवली होती, आणि सगळा वरचा धक्का मला हसला होता. तूही खिडकीत होतीस.

काते : होते.

झानेता : परवा ऐकलं तेव्हा नवरा म्हणाला, कातेचं कार्टं पुन्हा सुरू झालं, खिडकी लाव. बूट जिन्याखाली होते. मी खिडकी लावली.

काते : बेपो माझ्यासमोर बसून मक्याची पोलेंता खात होता.

झानेता : मग तुला तर कळलं असेल. ती नक्कल नव्हती हे तुला एकटीला कळलं असेल.

काते : कळलं होतं.

फादर : काते, बोललंच पाहिजे असं नाही.

काते : बोलू द्या. बेपोचा हात ताटात थांबला. म्हणाला, आई, हे खरंखुरं आहे, खालच्यांचं कोणीतरी अडकलंय. नवरा म्हणाला, अडकू दे. मी म्हटलं, त्यांची घंटा आहे, त्यांचं ते बघतील. आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं. बराच वेळ वाजत होतं. मग शेवटचा तुटका सूर यायचा बंद झाला. नुसतंच लांब. मग तेही नाही. मला बरं वाटलं, झानेता. पोहोचला वाटतं घरी, म्हटलं.

झानेता : ते कुठेच जात नव्हते. काल सकाळी धुकं विरलं तेव्हा होडी नांगरावर होती, दोघं आत गारठून गेलेली.

काते : ओर्सेताला मीच शिकवलेलं. धुक्यात वल्हं मारायचं नाही. नांगर टाकायचा आणि घंटेची वाट बघायची. घंटा होतेच.

झानेता : मीही तेच शिकवलं.

काते : शहाण्यासारखी बसून राहिली असतील दोघं.

फादर : मला बाहेर जायला हवं. ते दार ठोठावतायत. काय सांगू? माझं नाव सांगतो. मी म्हातारा आहे, माझ्यामागे रडायला कोणी नाही.

काते : तुम्हाला सुरी लावायला कोणी धजणार नाही. मग ते दुसरं नाव मागतील. माझं सांगा.

झानेता : तुझं सांगितलं तर माझा नवरा बेपोला सोडणार नाही. माझं सांगा.

काते : तुझं सांगितलं तर बेपो तुझ्या धाकट्याला गाठेल.

झानेता : फादर, नाव सांगू नका. विचारा. म्हणावं, परवा ते शिंग ज्याने ऐकलं नाही, त्याने पुढे यावं आणि नाव मागावं.

फादर : सगळ्या बेटाने ऐकलं, झानेता.

झानेता : हो.

काते : ...ही कात्री घे. ठेव कुठेतरी. मला दिसेल अशी नको.

झानेता : मग जागा कुठली? वरची की खालची?

काते : कुठलीही. खड्डा रुंद खणायला सांगा. आणि मोजे आहेत का गं तुझ्याकडे त्याच्यासाठी? शाल मला तिच्या अंगावर घालायचीय.

झानेता : आणते. त्याचे बूटच आणते.

फादर : बाहेर पुन्हा धुकं उतरतंय.

काते : पाण्यावर कोण आहे?

फादर : कोणी नाही. सगळे धक्क्यावर आहेत, दाराकडे बघत.

झानेता : घंटा वाजवा.

फादर : आता कोणासाठी?

झानेता : मला शिंग अजून ऐकू येतंय, फादर.

काते : मलाही.