पाय पूर्वेकडे

मंगळवार, सकाळचे अकरा, दफनभूमीतली भिंतीलगतची रांग — लिहा ना साहेब, बोलतेय मी. पेन काय फक्त माझ्या सहीपुरतं आणलंय? अंहं, त्या गठ्ठ्यावर बसू नका, लोकांचे शर्ट आहेत ते, आत्ताच इस्त्री झालेत. स्टूल घ्या. तर अकरा वाजता तुमच्या रुग्णालयाची गाडी आली, पेटी आली, उचलायला चार माणसं आली, तीही तुमचीच — कारण आमचा कबर खणणारा तापानं फणफणला होता, खड्डा तेवढा आदल्या दिवशी खणून गेला होता बिचारा. आणि तुमच्या त्या चौघांनी माझ्या नवऱ्याला उलटा पुरला; माझ्या लक्षात येईतो माती पडली होती. उलटा म्हणजे पालथा नव्हे हो — डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. आमच्यात पाय पूर्वेकडे असतात. का? कारण प्रभू येईल तो पूर्वेकडून, आणि माणूस उठून उभा राहिला की त्याचं तोंड तिकडे हवं. यात न कळण्यासारखं काय आहे? दाराची घंटा वाजली की तुम्ही दाराकडे बघता की भिंतीकडे?

हसा, हसा. आमच्या चर्चचे पाळकही हसले होते. हळूच म्हणाले, बाई, देवाला दिशा कळत नाहीत का? मी म्हटलं, देवाला कळतात, याला कळत नाहीत ना! झोपेतून उठला की न्हाणीघर समजून कपाट उघडणारा माणूस हा — आणि त्या एवढ्या गर्दीत, सगळे उठलेत, सगळे तिकडे चाललेत, आणि हा उभा आपला भिंतीकडे तोंड करून! बरं, पाळक लोकांना पुरतात तसं उलटं — उठल्यावर आपल्या मंडळीकडे तोंड असावं म्हणून. म्हणजे तुमच्या माणसांनी माझ्या नवऱ्याला पाळक करून टाकलं! उभ्या जन्मात तीनदा चर्चमध्ये आला होता तो. एकदा लग्नाला, एकदा मुलीच्या बाप्तिस्म्याला आणि एकदा पंखा दुरुस्त करायला. वायरमन होता ना. पंखा मात्र अजून फिरतोय.

सतरा दिवस. सतरा दिवस मी कचेरीच्या पायऱ्या चढले, कबर उघडायची परवानगी द्या म्हणून. कशासाठी, असं विचारायचे. मी सांगायचे — फिरवून ठेवायचाय. टेबलामागची ती मुलगी तोंडावर रुमाल धरायची. जावई म्हणाला, आई, लोक वेडं म्हणतायत. म्हणू देत! मला माझा माणूस सरळ हवा होता. शेवटी मिळाली परवानगी, मला वाटतं माझा कंटाळा आला म्हणून मिळाली. कबर खणणारा बरा होऊन आला होता, त्यानं आणि त्याच्या भावानं पेटी दोरावर घेतली, फिरवायला म्हणून जरा तिरकी केली — आणि आत काहीतरी सर्रकन घसरलं. धप्प करून कडेला आदळलं. तो कबर खणणारा, चाळीस वर्षं तेच काम करतोय, त्यानं दोर धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, माणूस असा घसरत नाही."

झाकण मी उघडायला लावलं. हो, मीच. आत वाळूच्या चार पिशव्या. जाड कापडाच्या, वर कडी — तुमच्याकडे हाड मोडलेल्यांच्या पायाला वजन म्हणून लटकवतात त्या. शिक्का आहे त्यांच्यावर, वॉर्डचा. आणि एक चादर, तुमचीच. कपडा मी चांगला ओळखते, साहेब, तेवीस वर्षं इस्त्री फिरवतेय.

काय म्हणालात? अदलाबदल? अदलाबदलीत दुसरा माणूस निघतो, वाळू निघत नाही.

आणि ते जे तुम्ही आत्ता दारात म्हणालात ना — मऊ आवाजात, मला बरं वाटावं म्हणून — की मावशी, रिकामी कबर ही तर तुमच्या श्रद्धेचीच खूण आहे... एक तर मावशी म्हणू नका. मी तुमच्या आईची बहीण असते तर आत्ता कान धरला असता. आणि दुसरं — हे तुम्हाला कुणी शिकवून पाठवलं? आमच्या मंडळीतल्या एका म्हातारीनंही तिथेच हात जोडले, म्हणाली, उठला गं! मी म्हटलं, उठला असता तर जाताना वाळू भरून गेला असता का? माझा प्रभू उठला तेव्हा त्याची वस्त्रं तिथं पडलेली होती, तो बायकांना दिसला, त्यानं हातावरच्या जखमा दाखवल्या, मासा खाल्ला. लपवाछपवी नव्हती त्यात. मी त्याच्यावर विश्वास ठेवते म्हणून तर तुमच्यावर ठेवत नाही! तुम्हाला वाटतं, श्रद्धा म्हणजे बाईनं डोळे पुसून गप्प बसायचं औषध. उलट आहे. ज्याला वाटतं मेलेला माणूस म्हणजे कचरा, त्यानं गप्प बसावं. मी नाही. माझा नवरा उठणार आहे. याच देहानं उठणार आहे, त्या वाकड्या करंगळीसकट. आणि तुम्ही त्याचे पन्नास तुकडे करून पन्नास बरण्यांत ठेवले असतील तरी देव त्याला वेचून वेचून उभा करील, त्याची मला काळजी नाही. पण कुठं ठेवलंत हे मी देवाला का विचारू? ठेवलंत तुम्ही. सांगायचं तुम्ही.

पुढे लिहा — पेटी बंद होती, घरच्यांना तोंड पाहू दिलं नाही... नाही. थांबा. खोडा ते.

विचारलं होतं. शवागाराच्या दारात तुमच्या माणसानं विचारलं होतं मला, बघायचंय का. मी नको म्हटलं. मला वाटतं तेव्हाच पेटीत वाळू असणार, पण त्यानं विचारलं हे खरं, आणि मी नको म्हटलं हेही खरं. का? का म्हणजे... नऊ दिवस होता तो तुमच्याकडे. शेवटच्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, घरी चाळीस शर्ट पडलेले, पाय दुखत होते. त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "ए, खरंच भेटतो का गं आपण नंतर?" जन्मभर थट्टा करणारा माणूस. मला वाटलं, झाली याची सुरुवात. मी म्हटलं, तुझा विश्वास नाही तर विचारतोस कशाला — आणि डबा ठेवून निघाले. एवढंच. हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. सकाळी फोन आला. मग त्या तोंडाकडे मी काय तोंड घेऊन बघणार होते? तेव्हा वाटलं, नीट पुरू, नीट झोपवू, उठेल तेव्हा सांगू.

खाली काय बघताय? तुमच्यासाठी नाही सांगितलं. हे तुमच्या कागदात येणारही नाही. तुमच्या कागदात काय आहे ते मी वाचलंय — 'अनवधानानं झालेली चूक', 'कुटुंबाची तक्रार नाही', आणि खाली माझ्यासाठी रेघ. नाही करणार सही. नोकरी जाईल म्हणता? जावो. माझं दुःख तुमच्या नोकरीपेक्षा मोठं आहे असं मी म्हणत नाही, पण ते तुमच्यासाठी लहान करणार नाही. तो सापडेपर्यंत कबर उघडी राहील. पावसाचं पाणी साचलं तर मी उपसेन. आणि मेले मी त्याआधी, तरी त्या दिवशी उठून पहिल्यांदा तुमच्याकडे येईन, पूर्वेकडे नंतर बघेन — देव समजून घेईल.

उठा आता. इस्त्री गार होतेय. आणि जाताना तुमच्या मोठ्या साहेबांना एवढं विचारा — काल शवागाराची वही मी माझ्या डोळ्यांनी वाचली. दफन उरकल्यावर चार तासांनी, दुपारी चार दहाला, माझ्या नवऱ्याच्या नावापुढे लिहिलंय, 'देह ताब्यात दिला'. खाली 'पत्नी' म्हणून सही आहे. ती माझी नाही.