ठकीला दिलेला शब्द

ऐका. शेंगा फोडा आन् ऐका, नुसती तोंडं वासून बसू नका. हडळीची गोष्ट पाहिजे म्हणता ना? सांगते. पर मधी कुणी खिदळलं तर मी उठून जाईन. ही कुणाकडनं ऐकलेली न्हाई. माझ्या अंगावरनं गेलेली हाय.

तवा मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्साची असंन. नवरा दम्यानं घरी बसलेला. सासऱ्याची बांगड्यांची पाटी मी डोक्यावर घेतली आन् गावोगाव हिंडायला लागले. कौसा कासारीण म्हणलं की पाच-सहा गावांत बायका दारात यायच्या.

बांगडी भरायला जोर लागत न्हाई. हात धरायचा, अंगठ्याखालचं हाड हळू दाबून आत घ्यायचं, आन् बोलत राहायचं. माहेरचं विचारायचं, लेकराचं विचारायचं. बाई बोलण्यात गुंतली की हात सैल सुटतो आन् बांगडी आत जाती. तीच बाई भ्याली न्हाईतर रागावली की हात लाकूड. एकदा धरलेला हात मी विसरत न्हाई. डोळे बांधा, आन् द्या हात, कुणाचा ते सांगते. रंजे, हसलीस? तुझा हात तर मी झोपेत ओळखीन, कामचुकार हात हाय.

तर घोगरवाडीत बाजीरावाची बायको होती, वच्छला. गरीब, खाली मान घालून बोलणारी. तिच्या हातानं मला चकवलं. एका खेपेला सव्वादोनची, लहान मापाची बांगडी तेल लावल्यागत गेली. पुढल्या खेपेला तिच्याहून मोठी अडीचची जाईना. मनगट तेच. अंगठ्यापाशी लहानपणी भाजल्याचा डाग तोच. पर हात दुसऱ्याचा. कुणाला सांगणार? आन् काय सांगणार?

एकदा तर कहर झाला. मी तिला हिरव्या भरल्या, डझनभर, चांगल्या हौसेनं मागून घेतलेल्या. आठ दिवसांनी गेले तर मलाच विचारती, "कौसाताई, ह्या मला कुणी भरल्या वो?" मला वाटलं, बाई थापाडी हाय. लई राग आला. तिच्याशी दोन म्हैने धड बोलले न्हाई मी. लक्षात ठेवा हे. पहिली चूक माझी ही.

मग एक लगीन आलं घोगरवाडीत. नवरीला चुडा भरायचा, वऱ्हाडातल्या बायकांना भरायच्या. भरता भरता दिवेलागण होऊन गेली. म्हाताऱ्या म्हणल्या, "कौसा, आज ऱ्हा. खिंडीत हडळ हाय. पोरीच्या आवाजात रडती, बाप्याच्या आवाजात दम देती, आन् शेवटी चांगल्या घरच्या बाईवाणी वाट विचारती. वाट सांगितली की माणूस गेलं." मी म्हणलं, घरी नवरा खोकतोय, त्याला भाकरी कोण देईल? आन् निघाले.

चांदणं न्हाई. वारं न्हाई. डोक्यावर पाटी, हातात काठी. चालतीय. चालतीय. खिंडीच्या तोंडाशी आले आन् रडणं ऐकू आलं. बारीक. पाच-सहा वर्साच्या पोरीचं. पाय जागच्या जागी थांबले. परत फिरावं तर तेवढंच अंतर. पळावं तर पाटीतला माल जातो. आम्ही बांगडी फुटली म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. पर त्या वक्ताला माझ्या मनात फुटंल, फुटंल, एवढंच.

करवंदीच्या जाळीमागनं आवाज आला, "ए बांगडीवाली, मला भर की."

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी पाटी खाली ठेवली. उगं धाडस म्हणून न्हाई. गिऱ्हाइकानं हाक मारली की पाटी खाली ठेवायची, हाताला तीच सवय. म्हणलं, "दे बाळा हात." जाळीतनं हात आला. मी धरला. मऊ. सैल. लेकराचा हात असतो ना, आईच्या हातात सोडून दिलेला, तसा. सव्वादोनची चाचपून काढली, अंगठा दाबला, आन् गेली. आन् तिथंच माझ्या बोटाला तो भाजल्याचा डाग लागला.

वच्छला.

ओळखलं मी. डोळ्यांनी न्हाई, हातानं. ही वच्छला हाय, आन् ही वच्छला न्हाई. दोन्ही खरं. मी विचारलं, "नाव काय गं तुझं?" म्हणती, "ठकी."

तेवढ्यात माझ्या हातातला हात लाकूड झाला. ऐका नीट. हातात धरलेला हात बदलला, माझ्या बोटांच्या आत. बांगडीचे तुकडे झाले आन् जाळीतनं बाप्याचा आवाज आला, घोगरा, "सोड तिला." दुसऱ्या हातानं धोंडा उचलल्याचं मला कळलं. तरी कसं सुचलं देव जाणे, मी म्हणलं, "मारत न्हाई मी तिला, बांगडी भरतीय." तवा म्हणला, "मी राखणीला असतो. तिला कुणी हात लावला तर डोकं फोडतो." मी म्हणलं, "बरं करतोस, बाबा."

धोंडा खाली पडला. मग कोण बोललं म्हणता? आपली नेहमीची, खाली मान घालणारी. "कौसाताई? मी हितं कशी आले वो? आन् हाताला रक्त कसलं? मला घरची वाट दावता?"

हीच ती हडळ. तीन आवाज, एक बाई. थापाडी नव्हती ती. हिरव्या बांगड्या ठकीनं भरून घेतल्या होत्या, वच्छलाला कुठनं माहीत असणार? आता मोठ्या गावातल्या डॉक्टरांकडं ह्याला नाव हाय म्हणत्यात, बोलून बोलून उपचार करत्यात. तवा आमच्याकडं एकच नाव होतं. मी लुगड्याच्या पदराची चिंधी फाडून तिच्या हाताला बांधली, आन् तिला घरापतूर पोचवून मग माझ्या वाटेला लागले.

पुढं मी मुद्दाम घोगरवाडीला जायची. दुपारी बाजीराव रानात असला की वच्छलाचा हात धरून बसायची. हात सैल झाला की समजायचं, ठकी आली. राखण्या, तो घोगऱ्या आवाजाचा, एकदा-दोनदा येऊन गेला, मला बघितलं, आन् मग यायचा बंद झाला. त्यानं मला सोडलं होतं आत. कळतंय का? ज्यानं जल्मभर कुणाला फिरकू दिलं न्हाई, त्यानं मला सोडलं.

एक दिवस ठकीनं सांगितलं. तिला सावत्र आई होती. दूध सांडलं, भाकरी करपली, की ती पोरीला पेवात सोडायची. पेव माहीत हाय ना, पोरींनो? जमिनीत खणलेलं धान्याचं भुयार, वरनं एक माणूस उतरंल एवढंच तोंड. वरनं दगड लावायची. रातभर. ठकी म्हणली, "आत लई काळोख होता. मी लई हाका मारल्या. कुणीच आलं न्हाई, मग राखण्या आला." एवढंच. मी पदर तोंडात धरून बसले.

मग म्हणती, "कुणाला सांगू नको. बाजीरावाला तर न्हाईच न्हाई. शब्द दे." माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी शब्द दिला. तोंडभरून दिला.

आन् मोडला.

कसा मोडला ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटणार न्हाई मी दुष्ट होते. मी चांगल्यासाठीच मोडला. उन्हाळ्यात एकदा गेले तर वच्छला विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसलेली. मी खांदा धरून मागं ओढली. तिला ठाऊकच न्हाई आपण कुठं बसलोय. मी घाबरले. म्हणलं, ही एक दिवस मरंल, आन् मी शब्द कवटाळून बसंन. म्हणून बाजीरावाला गाठलं आन् सगळं सांगितलं. ठकी, राखण्या, सगळं.

बाजीराव रडला. खरोखर रडला. माझ्या पायाला हात लावला, म्हणला, "ताई, परवाच्या एसटीनं शहरात मोठ्या डॉक्टरला दावतो." मी तिथंच निघाले असते तर बरं झालं असतं. मागनं त्यानं विचारलं, "ती कशाला भिती तेवढं सांगा. मी जपंन." आन् मी सांगितलं. पेवाला भिती, म्हणलं. काळोखाला भिती. त्याला जपायलाच पाहिजे होतं ना, मग का सांगू नये? असं वाटलं मला. मूर्ख बाई.

तिसऱ्या दिवशी गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणली, "डॉक्टरकडं कुठली? खिंडीच्या पल्याड देवऋषाकडं नेलीया काल, भूत काढायला."

पाटी तिथंच शेजारणीच्या ओट्यावर टाकली. कडुसं पडलेलं, अंधारून येत होतं. पळाले. त्याच खिंडीतनं पळाले, आन् त्या दिवशी खिंडीची भीती वाटली न्हाई, एवढी दुसरी भीती होती. देवऋषाच्या अंगणात लिंबं कापलेली, राख, शेंदूर. बाजीराव गुडघ्यात डोकं घालून बसलेला. आन् मधोमध जमिनीवर एक दगड. बघितल्या बघितल्या कळलं मला, दगडाखाली काय हाय.

देवऋषी मला म्हणतो, "भूत ज्याला भितं, त्यातच त्याला कोंडावं लागतं."

पेव उघडलं की आधी कंदील सोडत्यात खाली. आतली हवा कुजलेली असती. कंदील विझला तर कुणी उतरत न्हाई, धडधाकट बाप्ये मेल्यात पेवात. मी विचारलं, कंदील सोडला होता का? वर्सभर न उघडलेल्या पेवात तिला दिवस मावळताना तशीच उतरवली होती, आन् वर दगड.

मी खोटं बोलले. म्हणलं, "फौजदार निघालाय, पोलीसपाटील संगं हाय, खिंडीत आल्यात." देवऋषी धोतर सावरत मागल्या दारानं गेला. बाजीराव मात्र हलला न्हाई. माझ्याकडं बघून म्हणला, "तुम्हीच सांगितलं न्हवं, ती कशाला भिती?"

ते वाक्य अजून निघत न्हाई कानातनं. मी म्हणलं, "बाजीराव, दगड धर." धरला त्यानं. दोघांनी सरकवला. आतनं असा भपकारा आला की मला भोवळ आली. अंगणातला मोटेचा नाडा, जाड दोर, खाली सोडला. हाक मारली, "वच्छला." काही न्हाई. "वच्छला, नाडा धर." काही न्हाई. मग खालनं, लई खालनं, बारीक आवाज आला.

"कौसाताई, तू सांगितलंस?"

मी म्हणलं, "वर ये बाळा." ती म्हणली, "तू सांगितलंस." परत विचारलं न्हाई तिनं, नुसतं म्हणली. मी रडायला लागले. नाडा तसाच लोंबतोय. आणखी थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं, आवाज विझत चालला होता.

मग नाडा ताठ झाला. घोगरा आवाज म्हणला, "हिसका देऊ नका. धरून ठेवा." राखण्या आला. त्या बाईच्या मरगळलेल्या हातांनी तो नाडा धरून चढला, आन् आम्ही वर ओढला. बाहेर येऊन चार श्वास घेतले. मग उठून माझा गळा धरला. बाजीराव सोडवायला आला न्हाई, मागं सरकला. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली माझ्या. मी हात वर केला न्हाई. मनात म्हणलं, दाब.

राखण्यानं तोंड माझ्या कानाशी आणलं. म्हणला, "तिनं जल्मात एकाच माणसाला सांगितलं होतं. मी तुला आत येऊ दिलं." आन् सोडला. आन् चालत गेला, खिंडीकडं न्हाई, उलट्या अंगाला, तिच्या मावशीच्या गावाच्या वाटेनं. बाजीरावाकडं ती परत कधी आली न्हाई. तिला कुणी आणायलाबी गेलं न्हाई.

थांबा, उठू नका. संपलं न्हाई अजून.

नऊ-दहा वर्सांनी एका जत्रेत मी माल मांडून बसले होते. समोर एक बाई येऊन बसली. नीटनेटकी, हसतमुख. म्हणली, "मावशी, चांगल्यातल्या दावा." वच्छला. वयानं थोडी भरलेली. मी हात धरला. दाबला, बोलत राहिले, माहेरचं विचारलं, सगळं केलं. हात सैल न्हाई, ताठ न्हाई. नुसता चांगला वागणारा हात. तिघांतल्या कुणाचाच नव्हता तो. चौथंच कुणी बसवलं होतं दारात, लोकांशी गोड बोलायला. मला विचारती, "तुम्ही कुठल्या गावच्या?"

मला ऱ्हावलं न्हाई. वाकून हळूच विचारलं, "ठकी हाय का गं?"

ती हसली. हात काढून घेतला न्हाई, तेवढी तिची सभ्यता. म्हणली, "आमच्यात त्या नावाचं कुणी न्हाई." आन् बांगड्यांना नमस्कार करून निघून गेली.

आमच्यात, म्हणली. म्हणजे हाय. ठकी हाय आत, पर माझ्यापास्नं लपवलीया. काळोखातनं तिला मी वर ओढली, आन् मलाच भिऊन ती परत आतच जाऊन बसली.

तर पोरींनो, खिंडीतनं खुशाल जा. दिवसा जा, तिन्हीसांजंला जा. तिथं हडळ कधीच नव्हती. पर कुणी तुमच्या हातात हात देऊन काही सांगितलं, तर ते घेऊन दुसऱ्याच्या दारात जायची जी वाट हाय ना, तिच्यावर पाय ठेवू नका. औषधाला न्यायचं असंल तर त्या माणसाला विचारा, त्याला संगं घ्या, आन् स्वतः न्या. मी विचारलं न्हाई. एकदा तरी विचारायला पाहिजे होतं, ठकीला.

जा आता, निजा. माझ्या शेंगा थोड्या फोडायच्या ऱ्हायल्यात, मी बसते.