गाळाचा गिलावा

—छे छे, गाळाच्या टेकडीच्या टोकावरचा नमुना नेऊन काय उपयोग, इंजिनिअरबाई? वरचा गाळ सगळा पाणचट, माल खाली! आधी बसा. ओश शहरातून एवढ्या लांब आलात, नान हातात घेतलाय तर एक तुकडा मोडा — त्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाही आम्ही. खाणीचा कारखाना बंद पडेतो वीस वर्षं तो गाळ या झूशबेकनं, म्हणजे मीच, सोडलाय तिथं. पंच्याहत्तर सालचा थर कुठं, मला विचारा — तेव्हा यंत्रं जुनी, निम्मी चांदी गाळात वाहून जायची. आता तुम्ही म्हणता, जिवाणू सोडून ती परत काढणार, तेच पाणी फिरवून वापरणार, उरल्या वाळूवर गवत लावणार — काढा की! पण थर दाखवायला माणूस लागेल ना? मला घ्या. घरी बसून डोकं फिरायची वेळ आलीय.

खोटं वाटतंय? आणा ते तुमचं धातू मोजायचं पिस्तूल, लावा या भिंतीला. लावा हो! त्याच थरातली वाळू आहे, पिठासारखी मऊ — नात झाली तेव्हा मीच गिलावा केला, अजून तडा नाही. गल्लीत सगळ्यांनी मागून नेली. किती आला आकडा? बघा! सांगितलं नव्हतं?

हसत का नाही तुम्ही? — शिसं? असणारच, चांदी एकटी कुठं सापडते! — इथं? नात झोपते. मेरिम. चार पूर्ण झाली. — बोलते की. म्हणजे... बोलेल. तिचा बापही उशिराच बोलला. — हो, खरवडते भिंत, बोट चाटते, गोड लागत असेल... पोरं माती खातातच. मी ओरडतो तिला — नाही, ओरडत नाही. हसायचो.

असं बघू नका. मला कुणी सांगितलं होतं? — होतं, सांगितलं होतं. कारखान्यात पाटी होती, शिसं विषारी, हात धुऊन जेवा. धुवायचो ना आम्ही हात! रोज धुवायचो!

सूनबाई! मेरिमला बाहेर घे! आधी घे, मग विचार!

आणि तंदूर... तोही मीच लिंपला, उरलेल्या वाळूनं. इंजिनिअर पोरी, तो नानचा तुकडा खाली ठेव. खाल्लास? — नाही ना? दे इकडं. पाहुण्याच्या हातातला नान काढून घेतोय मी, माझ्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल हे. दे म्हटलं ना! आणि ऊठ, ते पिस्तूल घे. गल्लीत अजून सहा घरं आहेत.