सीटखालचा स्विच

(शाळेच्या मैदानामागची पत्र्याची शेड. मधोमध गवत कापायचं, बसून चालवायचं मशीन. मेकॅनिक तिशीची, माळी साठीला टेकलेला.)

मेकॅनिक : ...म्हणून ऑइल गरम असतानाच काढायचं, काका. गार झालं की गाळ तळाशी बसतो.

माळी : तुझे बाबाही हेच सांगायचे. दर वर्षी. जसं काही मी पहिल्यांदाच ऐकतोय.

मेकॅनिक : किती काळं झालंय बघा. एअर फिल्टरमध्ये तर अर्धं मैदान भरलंय. नवा टाकते, प्लगही बदलते. बाकी काही तक्रार?

माळी : आता नाही.

मेकॅनिक : आता नाही म्हणजे?

माळी : मध्यंतरी चालता चालता बंद पडायचं. जरा खड्डा आला की गप्प. मी केलं दुरुस्त.

मेकॅनिक : तुम्ही? सीट उचलते थांबा... काका, या दोन वायरी एकमेकींत कुणी पिळल्या?

माळी : चिकटपट्टी नीट लावलीय की.

मेकॅनिक : चिकटपट्टीचं विचारत नाहीये मी. हा स्विच कशाला असतो?

माळी : माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद.

मेकॅनिक : आणि इंजिनाबरोबर पाती बंद. आता तुम्ही खाली पडलात तरी पाती फिरतच राहतील.

माळी : पोरं घरी गेल्यावरच कापतो मी.

मेकॅनिक : पोरांचं नाही, तुमचं म्हणतेय.

माळी : माझं काय एवढं.

मेकॅनिक : ऑइल भरून झालं. वायरी पहिल्यासारख्या जोडल्यात. एक चक्कर मारून येते.

माळी : फुटबॉलच्या गोलपोस्टमागच्या खड्ड्यातून घाल. तिथं हमखास बंद पडायचं.

मेकॅनिक : घातलं. दोनदा घातलं. एकदाही बंद पडलं नाही. स्विच ठणठणीत आहे. आता तुम्ही बसा.

माळी : मी कशाला? तू बघितलंस ना.

मेकॅनिक : बसा तर. करा चालू. न्या पुढे.

माळी : बंद पडलं बघ. खड्डासुद्धा नव्हता.

मेकॅनिक : मागे सरकून बसा. परत.

माळी : परत बंद पडलं.

मेकॅनिक : काका, वजन किती तुमचं?

माळी : असेल साठच्या आसपास.

मेकॅनिक : साठ मी आहे.

माळी : ...शाळेच्या नर्सबाई जेवायला गेल्या होत्या, तेव्हा काट्यावर उभा राहिलो होतो. चव्वेचाळीस.

मेकॅनिक : कधी?

माळी : झाला महिना.

मेकॅनिक : काकू काय म्हणतात?

माळी : विजारी आत घेऊन शिवून देते. उन्हात राबून वाळलात म्हणते. मीही हो म्हणतो. दोन घास खाल्ले की पोट भरतं गं. हेडमास्तर म्हणाले, रजा घ्या, दाखवून या. म्हटलं, पोरांची धावण्याची स्पर्धा होऊ द्या.

मेकॅनिक : आणि स्पर्धा झाल्यावर?

माळी : दाखवलं की ते काहीतरी सांगणार. त्या स्विचची स्प्रिंग जरा नरम मिळते का बघ ना.

मेकॅनिक : नाही बघणार.

माळी : तुझ्या बाबांनी बसवली असती.

मेकॅनिक : असतीच. बाबांनी स्वतःचं दुखणंही असंच चार महिने अंगावर काढलं. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. ते मला म्हणायचे, आपल्या गॅरेजमध्ये धूर फार होतो, त्याचा खोकला आहे. मी खिडकी मोठी करून घेतली.

माळी : हे मला नव्हतं माहीत.

मेकॅनिक : कुणालाच नव्हतं.

माळी : मला खरंच वाटलं होतं गं, मशीनमध्येच काहीतरी आहे. रोज एकेक नट काढून बघायचो.

मेकॅनिक : मशीनमध्ये काही नाही, काका.

माळी : उरलेलं मैदान कापायचंय. परवा पोरं धावणार.

मेकॅनिक : मी कापते. तुम्ही काकूंना फोन लावा.

माळी : फोनवर काय सांगू तिला?

मेकॅनिक : तयार होऊन बसायला सांगा. दवाखाना सातपर्यंत उघडा असतो.